डॅम्प वॉल्सचा चौथा माणूस

इतिहास कोणालाही विसरत नाही, मुकुंदा.

वाक्य माझं नाही. तुझ्या शोकसभेत इथल्या, सिंगापूरच्या मराठी मंडळाच्या कार्यवाहांनी ते म्हटलं आणि म्हणून झाल्यावर घोटभर पाणी प्यायले. तुमच्या कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये पन्नासएक माणसं होती. एसी इतका गार की दुसऱ्या रांगेतल्या बायकांनी पदर कानांवरून घेतले होते. तुझा फोटो ज्या टेबलावर ठेवला होता, त्यावर एरवी मुलांच्या वाढदिवसाचे केक कापतात. ‘पाश्चात्य संगीताचे गाढे अभ्यासक’ असं ते तुला म्हणाले. ‘ऐन तारुण्यात इंग्रजांच्या भूमीवर जाऊन, त्यांचंच वाद्य हाती घेऊन त्यांना मराठी बाणा दाखवणारे’ असंही म्हणाले. शैला वहिनी माझ्या शेजारी बसल्या होत्या. रडून डोळे सुजलेले, तरी त्यांच्या ओठांचा कोपरा हलला.

"भावजी, हे कोणाबद्दल बोलतायत?" त्यांनी हळूच विचारलं.

"मुकुंदाबद्दलच असावं," मी म्हटलं. "फोटो त्याचाच आहे."

इतिहास विसरतो, मुकुंदा. तुला तर तो साफ विसरला होता, आणि त्या कामी त्याला माझी थोडी मदत झाली. तेच सांगायला बसलोय, कारण सभेत बोलायला उठलो तेव्हा मी फक्त तुझ्या वक्तशीरपणाबद्दल बोललो.

तिथे कोणी नीट सांगितलं नाही ते एवढंच होतं. एकविसाव्या वर्षी तू इंग्लंडात हडर्सफील्डला मामांकडे राहून पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकत होतास. मामा कापडगिरणीत कामाला. गल्लीच्या टोकाला एका गॅरेजात तीन पोरं रोज संध्याकाळी कानठळ्या बसवत. टेरी गायचा, म्हणजे ओरडायचा. नॉर्मन ड्रम बडवायचा. तिसऱ्याकडे गिटार होती. चौथ्याचं लग्न ठरलं होतं, तो आपली बेस गिटार तिथेच टाकून निघून गेला होता. एक दिवस त्यांचा ॲम्प्लिफायर जळाला. मामी म्हणाल्या, देव पावला. तू गेलास आणि तो दुरुस्त करून दिलास. मामी तुझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. ती पोरं मात्र म्हणाली, तू बेसच घे की, सगळ्यात सोपा असतो.

बँडचं नाव डॅम्प वॉल्स, ओल आलेल्या भिंती. टेरीच्या घराच्या भिंतींना ओल होती, यापलीकडे त्या नावामागे काही विचार नव्हता. अकरा महिने, सात कार्यक्रम, दोन गाण्यांची एक छोटी रेकॉर्ड. मग संपलं.

आणि हे तुझ्या बाबतीत घडावं! तुझ्या! शाळेच्या समूहगीतात सरांनी ज्याला फक्त ओठ हलवायला सांगितलं होतं, त्याच्या! त्याच वर्षी पुण्यात मी कॅम्पातल्या एका गोवेकर सरांकडे गिटार शिकत होतो. तिसरं वर्ष होतं. रेडिओच्या शॉर्टवेव्हवर खरखरीतून इंग्लंडमधलं ते नवं संगीत पकडून वहीत उतरवत होतो. त्याला पंक म्हणतात, हे आमच्या पेठेत बहुधा मला एकट्याला ठाऊक होतं आणि मी ते लोकांना न विचारता सांगत असे. तीन सूर, फाटका शर्ट आणि प्रस्थापितांविरुद्ध संताप. संताप माझ्याकडे पुरेसा होता. शर्ट आई शिवून ठेवायची.

अशात तुझं निळं एरोग्राम आलं. पहिलीच ओळ: "शऱ्या, मी एका बँडमध्ये बेस वाजवतो." दुसरी: "बेस कसा वाजवतात ते लगेच कळव, शनिवारी कार्यक्रम आहे."

या दोन ओळी मी आयुष्यात किती वेळा वाचल्या असतील कोण जाणे. त्या या क्रमाने लिहू शकणारी माणसं वेगळीच असतात. मी आधी दुसरी लिहिली असती, मग दहा वर्षं सराव केला असता आणि पहिली लिहायची वेळ आलीच नसती.

पण उत्तर पाठवलं. एक अख्खी दुपार बसून चार तारांची आकृती काढली, कुठे कोणतं बोट ठेवायचं ते बाणांसकट. इंग्रजी स्वरांची नावं तुला कळणार नव्हती, म्हणून तारा जुळवायला पेटीच्या पट्ट्या लिहून दिल्या. पत्राला दहा दिवस लागायचे, त्यामुळे तो शनिवार तू माझ्याशिवायच निभावलास. पुढच्यांसाठी मात्र मी दर आठवड्याला एक आकृती पाठवत राहिलो. आणि तू दर पत्राच्या शेवटी, मामांची तब्येत आणि हवापाणी लिहून झाल्यावर, कोपऱ्यात लिहायचास: "आकृती मिळाली. चालली."

चालली! इकडे मी जीव ओतत होतो आणि तिकडे ते ‘चालत’ होतं, दाराला बिजागरी चालावी तसं.

पुढे तू सिंगापूरला आलास, हार्बरफ्रंटला जहाज कंपनीत. आंग मो किओतल्या कारखान्यातली जागाही मला तूच कळवलीस. माझा एम्प्लॉयमेंट पास आला त्या दिवशी तू विमानतळावर घ्यायला आला होतास. मी तेव्हा कृतज्ञ होतो हे नमूद करतो. आणि इथेही तूच आधी पोहोचलास हे माझ्या लक्षात आलं होतं, हेही.

तेव्हापासून शनिवार सकाळ आपली. आंग मो किओचं खाण्याच्या टपऱ्यांचं हॉकर सेंटर, दोन कोपी म्हणजे इथली दाट कॉफी, खांबाजवळचं टेबल. खुर्ची अडवायला तू टिश्यूचं पाकीट ठेवायचास आणि मला उशीर झाला की घड्याळ दाखवायचास. बायका, पोरं, व्हिसा, गुडघे हे सगळं बोलून संपलं की मीच विषय काढायचो. तू कधीच नाही.

"बँड फुटला का, ते सांग."

"किती वेळा सांगू? टेरीला बस डेपोत नोकरी लागली."

"नोकरीने बँड फुटत नाही रे. आत काहीतरी तुटलं असणार. दिशेवरून मतभेद."

"सकाळची पाळी होती त्याची. चारला उठायचा तो."

"ते निमित्त."

"शऱ्या, मी तिथे होतो."

मी तिथे होतो. या तीन शब्दांपुढे माझी सगळी पुस्तकं, सगळ्या वह्या पालथ्या पडायच्या. तू ते चढ्या आवाजात कधी म्हटलं नाहीस. स्टेशन कुठे आहे असं विचारल्यावर बोट दाखवावं तसं म्हणायचास. बढाई मारणाऱ्याचा मत्सर करणं सोपं असतं, त्याची थट्टा करून मोकळं होता येतं. तू बढाई मारली नाहीस म्हणून माझी फार पंचाईत झाली. पंचेचाळीस वर्षं मत्सर करत राहिलो आणि दर शनिवारी तुझ्यासमोर येऊन बसलो.

गेल्या वर्षी ऑलिव्हर उगवला. इंग्लंडात विमा कंपनीत नोकरी करणारा चाळिशीतला गृहस्थ, सुट्टीच्या दिवशी अल्पायुषी बँडांचा इतिहासकार. डॅम्प वॉल्सची रेकॉर्ड तो पुन्हा काढणार होता, सोबत एक पुस्तिका. त्याने तुला शोधून काढलं, एकदा फोनवर बोलला आणि मग कच्चा मजकूर पाठवला. तू तो हॉकर सेंटरमध्ये चष्मा कपाळावर चढवून मोठ्यांदा वाचलास.

मजकुरात तुमचा एकमेव फोटो होता. त्यात तू प्रेक्षकांकडे पाठ करून उभा. खाली ऑलिव्हरने लिहिलं होतं, की प्रेक्षकांकडे फिरवलेली ही पाठ म्हणजे करमणुकीच्या बाजाराला त्या पिढीने दिलेला निर्भय नकार होय.

"फ्यूज बघत होतो मी," तू म्हणालास. "मी केलेली जोडणी होती ती. डोळा ठेवायला लागायचा."

"मग कळव की त्याला."

"कशाला? बिचाऱ्याने मेहनतीने लिहिलंय."

फोटोखालच्या नावांत तुझं नाव नव्हतं. टेरी आणि तो गिटारवाला आता हयात नाहीत. उरलेल्या नॉर्मनला ठामपणे आठवत होतं, की रेकॉर्डवर बेस टेरीनेच वाजवला आणि तो हिंदुस्थानी पोरगा ॲम्प दुरुस्त करायचा. म्हणून, लेखी पुरावा मिळेपर्यंत नॉर्मनचंच खरं धरून, तुझ्यासमोर छापलं होतं: ‘मिक, आडनाव अज्ञात, विजेची कामं.’

तू हसलास. अगदी मनापासून, कोपी सांडेपर्यंत. "विजेची कामं! खोटं नाहीये रे." मग टिश्यूने टेबल पुसता पुसता, माझ्याकडे न बघता, म्हणालास, "शऱ्या, माझी ती एरोग्रामं आहेत का तुझ्याकडे? रेकॉर्डिंगचं सगळं लिहिलं होतं मी तुला. ऑलिव्हरला लेखी काहीतरी हवंय."

एवढ्या वर्षांत तू माझ्याकडे मागितलेली ही दुसरी गोष्ट. पहिली म्हणजे बेस कसा वाजवतात.

"घर बदलताना गेली असतील," मी म्हणालो.

"बघ ना एकदा."

"बघतो."

"नसतील तर राहू दे. मजा आली होती, ते काय कोणी खोडत नाही."

मी घरी गेलो. कपाट उघडलं. सगळी एरोग्रामं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये तारखेवार लावलेली होती, कोपऱ्यात माझ्या अक्षरात क्रमांक. ती आहेत याची खात्री करून घेतली आणि कपाट लावून टाकलं. बघतो म्हणालो होतो, बघितलं.

का, असं तू विचारलं नाहीस, म्हणून सांगतो. मला वाटलं, एकदा तरी आपण बरोबरीला येऊ. तू तिथे नव्हतास, मीही तिथे नव्हतो. दोन म्हातारे, दोन कोपी, कोणाचंच नाव कुठे नाही. तीन आठवडे मी त्या बरोबरीत राहिलो. विशेष काही वाटलं नाही. मग वहिनींचा फोन आला.

तू गेल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी मी हॉकर सेंटरला गेलो. कारण माहीत नाही, पाय गेले. समोरच्या खुर्चीवर टिश्यूचं पाकीट ठेवून बसलो. कोपीवाली आंटी दोन कप घेऊन आली. "अंकल, युअर फ्रेंड लेट अह टुडे?" मी हो म्हणालो. तिला खरं सांगायला हवं होतं, पण तुला एकदा तरी उशीर झालेला मला बघायचा होता. तुझी कोपी गार झाली. ती मी प्यायलो नाही, एवढी सभ्यता दाखवली.

शोकसभा झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनींनी जुरोंग ईस्टला तुमच्या घरी बोलावलं. तुझा फोन त्यांच्या हातात. "तो ऑलिव्हर विचारतोय, भावजी. पुस्तिका छापायला चाललीय म्हणे, पत्रं सापडली का? यांनी मला कधी सांगितलंच नाही कसली पत्रं ते. काय कळवू?"

मला पश्चात्ताप झाला असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. झालाही असेल, पण त्या क्षणी डोळ्यापुढे आले ते मंडळाचे कार्यवाह. मी गप्प बसलो तर जगात तुझ्याबद्दल दोनच गोष्टी उरणार होत्या: एक मराठी बाणा आणि दुसरी विजेची कामं. आणि तुझी थट्टा करायचा हक्क इतकी वर्षं खपून मी मिळवलाय, तो मी असा कोणालाही देणार नव्हतो.

"कळवा, सापडली," मी म्हटलं. वहिनींनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. बायकांना कळतं. पण त्यांनी फोनवर तेवढंच टाइप केलं.

घरी येऊन तेविसावं पत्र काढलं. त्यात तू लिहिलं होतंस: "काल रेकॉर्डिंग झालं. कोणाकडेच सूर लावायला काही नव्हतं, म्हणून मामीची भजनाची पेटी खोक्यात घालून बसने नेली. तू लिहिलेली पट्टी विसरलो. मामी काळी चारमध्ये म्हणते तेवढं माहीत होतं, तीच दाबली. ती जरा बसली आहे ओलीने, मामी रोज कुरकुरते. दोन आवाज जवळ आले की डुगडुग होते. डुगडुग थांबेपर्यंत तार पिळली आणि दिलं सोडून. मग सगळ्यांनी माझ्यावरून लावलं. टेरी खूश, म्हणाला आज घसा दुखत नाही. आकृती मिळाली. चालली."

मुकुंदा, मी आकृतीवर स्वच्छ लिहिलं होतं: पांढरी सहा. खाली रेघ मारली होती. तू शेजारची काळी दाबलीस, अर्धा सूर खाली, आणि ती पट्टीही हडर्सफील्डच्या ओलीने आणखी उतरलेली. एका इंग्रज बँडने, प्रस्थापितांविरुद्ध बंड पुकारत, आपली अख्खी रेकॉर्ड तुझ्या मामीच्या भजनाच्या सुरात वाजवली आणि कोणाला पत्ता लागला नाही.

पत्राचा इंग्रजी अनुवाद करून, मूळ कागदाच्या फोटोसह ऑलिव्हरला पाठवला. काळी चार म्हणजे काय, ते समजावायला पेटीचं चित्र काढावं लागलं, बाणांसकट. सवय होतीच.

त्याचं उत्तर तासाभरात आलं. माणूस वेडा झाला होता. ती गाणी कुठल्याच सुरात नीट बसत नाहीत, दोन सुरांच्या मधे कुठेतरी लटकतात, हे कोडं त्याला कित्येक वर्षं छळत होतं. ध्वनिमुद्रणाचं यंत्र हळू चाललं असणार, अशी त्याची कल्पना. पण वेग वाढवून पाहिला तर टेरी शाळकरी मुलासारखा ऐकू येई. आता सगळं जुळलं. ज्याने पेटी नेली, त्याच्यावरून बाकीच्यांनी सूर लावला, म्हणजे तो वाजवायलाच बसला होता. पत्र वाचून दाखवल्यावर नॉर्मनलाही ते खोकं आठवलं. त्यात मांजर आहे असं त्याला तेव्हा वाटलं होतं.

आणि मग ऑलिव्हरने, मला बरं वाटावं म्हणून, तुझ्याशी फोनवर झालेल्या बोलण्याची टिपणं पाठवली. तू त्याला म्हणाला होतास: "मला वाजवता येत नव्हतं. माझा पुण्याचा मित्र चित्रं काढून पाठवायचा, त्यावर बोटं ठेवायचो. माझं नाव छापणार असाल तर त्याचंही छापा. पत्रं त्याच्याकडे आहेत. मी मागेन, पण तो हरवली म्हणेल. त्याने आयुष्यात एक कागद हरवलेला नाही. रागावलाय माझ्यावर, गेली पंचेचाळीस वर्षं. त्याला वेळ द्या, देईल तो."

म्हणजे टेबल पुसताना तुला ठाऊक होतं. मी काय म्हणणार हे विचारायच्या आधीच ठाऊक होतं, आणि तरी तू विचारलंस, आणि वर माझी सुटका केलीस: नसतील तर राहू दे. अरे लेका, निदान लबाडी तरी माझी एकट्याची राहू द्यायची होतीस! तिथेही आधी तू पोहोचलेला.

मी ती टिपणं पुन्हा पहिल्यापासून वाचली. रडलो का, तर हो. पण मुकुंदा, रडतानाही वाटत होतं, की एवढं मोठं मन असायला फाजील आत्मविश्वास लागतो. बघ, संपलं नाहीये अजून माझं.

काल ऑलिव्हरने पुस्तिकेचं शेवटचं पान आणि साफ केलेली गाणी पाठवली. पानावर तुझं नाव पूर्ण आहे, बेसपुढे. त्याखाली माझं, ‘आकृत्या’ असं लिहून. प्रेक्षकांकडे फिरवलेल्या पाठीचा निर्भय नकार त्याने तसाच ठेवलाय. मी हरकत घेतली नाही, मेहनतीने लिहिलंय.

जुरोंग ईस्टला जाऊन आम्ही ती ऐकली: वहिनी, तुझी नात ईशा आणि मी. तुला एक गोष्ट सांगायची राहिली होती. ती गाणी मी आजवर ऐकलीच नव्हती. तू मागे लिंक पाठवलीस तेव्हा न ऐकता अंगठा पाठवून दिला होता. छान असली तर काय करायचं, ही भीती होती.

ईशाने स्पीकर लावला. वहिनी सोफ्याच्या कडेवर, हात मांडीत घट्ट धरून, सत्यनारायणाच्या कथेला बसतात तशा बसल्या. मी उभाच राहिलो. गाणी वाजली, संपली.

"दॅट्स इट अह, आजोबा?" ईशा म्हणाली. "सो फास्ट फिनिश."

"यात हे कुठे आहेत?" वहिनींनी विचारलं.

"थांबा," मी म्हटलं. "पुन्हा लावू."

पुन्हा लावलं. मग तिसऱ्यांदा, ईशाचे हेडफोन घालून, डोळे मिटून, मी एकट्याने. दोन्ही गाणी मिळून पाच मिनिटांना नऊ सेकंद कमी आहेत. टेरी ऐकू येतो. नॉर्मन फारच ऐकू येतो. गिटार ऐकू येते. बेस ऐकू येत नाही.